बाजूला काढलेली वाटी

आमच्या केंद्राची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात बाईंवर दोन पानं मी लिहावीत, असं समितीचं म्हणणं पडलं. बाईंबरोबर काम केलेल्यांपैकी आता मीच एकटा इथे उरलोय. "जुने किस्से लिहा हो सर, मुलांना मजा येईल," असं सांगून समितीवाले मोकळे झाले. किस्से पुष्कळ आहेत, आणि ते मी लिहिणारच आहे. पण आमच्याकडे बाईंचा विषय निघाला की शेवटी कोणीतरी आवाज खाली आणून म्हणतंच, "एवढ्या कडक, पण विषबाधा शेवटी त्यांच्याच हातून झाली ना!" मग सगळे मान हलवतात. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर मीही हलवत आलो.

ते बाईंच्या हातून झालेलं नाही. माझ्या हातून झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला पळवाट राहणार नाही.

आमचं केंद्र हातखंब्याच्या तिठ्यापासून आत, कातळावर आहे. दहावी पास, दहावी नापास, कशीबशी दहावीला पोचलेली अशी मुलंमुली वर्षभर इथे राहतात. शेती आणि फळांवरची प्रक्रिया शिकतात; तेव्हा स्वयंपाकही शिकत. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन इथे लागलो तेव्हा बाई आधीपासून होत्या. त्याही दापोलीच्याच, माझ्या कितीतरी आधीच्या. गाव पूर्णगड, वडील बोटीवर. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं एका मुलीने धीर करून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दुसऱ्याच्या आईने पुसलेल्या ताटात जेवायचा धीर झाला नाही."

उंच, हडकुळ्या, पाठीत किंचित वाकलेल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आत करून. हातात बारा महिने छत्री. ती पावसासाठी नव्हती. छत्रीने त्या वाफ्यातलं अंतर मोजत, झाकणं उचलत, झोपलेल्या मुलाला टोचत. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून प्रत्येकाचे हात हुंगत. मुलं रांगेत हात पुढे करून उभी, आणि बाई नाक लावत पुढे सरकतायत, असं ते दृश्य. पहिल्या दिवशी मी कडेला उभा होतो. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"तुम्ही सर ना?"

"हो."

"सरांना हात असतात ना?"

मी हात पुढे केले. "सिगारेट," एवढंच म्हणून पुढे गेल्या. मुलं आठवडाभर हसत होती. त्या दिवसापासून मी सिगारेट ओढून पेरूचा पाला चुरगळून हाताला लावत असे. तर म्हणाल्या, "पेरू आणि सिगारेट."

वर्गात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "कोकणातलं सगळ्यात विषारी जनावर कोणतं?"

"फुरसं!" "मण्यार!" पोरं ओरडायची.

बाई ओट्यावरचं ओलं फडकं छत्रीच्या टोकावर उचलून वर धरायच्या. "हे. फुरसं एकालाच चावतं. हे अख्ख्या पंगतीला चावतं." मग फडकी उकळायची, उन्हात वाळवायची, भांड्याचं वेगळं, हाताचं वेगळं. यावर त्या एवढ्या बोलायच्या की मुलांनी त्यांचं नाव फडकेबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. आवडतही असावं.

शेतीचा तास त्या एका बियाण्यापासून सुरू करत. आल्या आल्या प्रत्येकाला भोपळ्याची एक बी द्यायच्या. "ही तुझी दिवाळीची भाजी. नाही आली तर पेज खा." सगळ्यांना वाटायचं, बाई गंमत करतायत. एका वर्षी एका मुलाचा वेल आळ्यातच कुजला. पाणी फार घालायचा. दिवाळीच्या आधी पंगत बसली, सगळ्यांच्या पानात भाजी, आणि त्याच्या पुढ्यात खरोखरच मीठ घातलेली पेज. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. मी माझ्या पानातली भाजी त्याला वाढायला उठलो, तर बाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या हातातही पेजेचंच ताट.

"बाई, तुमचा वेल?" त्याने विचारलं.

"वानरांनी खाल्ला. मी बसले पेपर वाचत." भुरका मारून पुढे म्हणाल्या, "मीठ कमी आहे. कोणी केली रे पेज?"

'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पदार्थ उत्तम जमला तर 'चालेल' म्हणत. वर्षभरात एक 'चालेल' मिळालेलं पोर घरी फोन करून सांगायचं.

मासे घ्यायला शिकवायचं म्हणून मुलांना घेऊन त्या मिरकरवाड्याच्या बंदरावर जात. बांगड्याचा कल्ला उघड, डोळा बघ, पोट दाब, वास घे, असं प्रत्येकाकडून करून घेत. एकेक बांगडा दहा जणांच्या हातांतून फिरायचा. कोळणी वैतागायच्या.

"काय गो बाय, घेयाचा हाय काय त्याच्याशी लगीन लावायचा हाय?"

"पत्रिका जमली तर लावू," बाई म्हणत, आणि मुलांकडे वळून, "डोळा आत गेलाय, हा घ्यायचा नाही." मग शिव्यांचा पाऊस. बाई शांतपणे पुढच्या टोपलीकडे. एवढं करून शेवटी त्याच कोळणीकडून तिचा दुसरा, ताजा माल घेत, म्हणून ती पुढच्या खेपेला पुन्हा उभं करून घ्यायची.

लग्नाकार्यात त्या जेवत नसत, आपला डबा नेत. माझ्या लग्नाला आल्या त्या सरळ मागे, आचाऱ्याकडे. थोड्या वेळाने सासरे लालबुंद होऊन मला शोधत आले. "कोण हो ही तुमची बाई? बासुंदी ओतायला लावली!" मी धावलो. बाई रिकाम्या पातेल्याशेजारी छत्री टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सकाळपासून उघडी होती, उन्हात. तुझ्या लग्नाची आठवण लोकांनी चांगली काढावी की नाही?" सासऱ्यांना मी काहीतरी सांगून गप्प केलं. बासुंदीशिवाय पंगत उठली. कोणाला काही झालं नाही. काही होत नाही तेव्हा त्याचं श्रेय कोणालाच मिळत नाही, हे मला त्या वेळी सुचलं नव्हतं.

आणि वाटी. प्रत्येक जेवणाआधी प्रत्येक पदार्थाची एक एक वाटी बाजूला काढून, झाकून, फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशीच टाकायची, हा बाईंचा नियम. कोणाला बाधलं तर ती वाटी सांगेल, चूक चुलीवर झाली की वाढताना. मुलं म्हणायची, ही राखणदाराची वाटी. गावाबाहेरच्या राखणदाराला नैवेद्य ठेवतात, तसा. बाई म्हणायच्या, "हो, राखणदारच. फरक एवढाच की हा खरं बोलतो."

आता ते सांगतो.

वर्षाअखेरच्या समारोपाला पालक येत, जिल्ह्याचे साहेब येत, आणि सगळा स्वयंपाक मुलं करत. हा बाईंचा हट्ट. नुसतं प्रात्यक्षिक नको, खरी भूक घेऊन आलेली माणसं जेवायला हवीत. त्या वर्षी सोलकढी सुगंधाकडे होती. लांज्याकडच्या आतल्या गावातली मुलगी, शेतकऱ्याची. बोलायची कमी, पण हाताला चव होती. हायवेवर खानावळ टाकायची, एवढं एकच स्वप्न तिला होतं. बाईंकडून तिला दोन 'चालेल' मिळाले होते, जे आमच्याकडे कोणालाच मिळत नसत.

आमच्याकडे कोणीतरी भेट दिलेलं एक जुनं पितळी पातेलं होतं. साहेब येणार, म्हणून सोलकढी स्टीलच्या पिंपात न ठेवता त्या पातेल्यात मांडावी, ही कल्पना माझी. बाई म्हणाल्या, "ठेव. पण आतली कल्हई गेली आहे. कल्हई केल्याशिवाय आंबट त्यात घालायचं नाही. कळकेल." पितळेत आंबट कळकतं, विषारी होतं, हे आमच्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी वर्गात शिकवायचो.

रत्नागिरीत जो एक कल्हईवाला उरला होता त्याच्या दुकानाला कुलूप होतं. गावी गेला होता. मी पातेलं चिंच लावून लखलखीत घासून घेतलं आणि समारोपाच्या सकाळी परस्पर हॉलमध्ये नेऊन ठेवलं. नंतर स्वयंपाकघरात गेलो. बाईंचे दोन्ही हात नारळाच्या चोथ्यात होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कल्हई केलीस ना?"

"हो बाई."

जी बाई मीठसुद्धा स्वतः चाखल्याशिवाय विश्वास ठेवत नसे, ती उठली नाही. हात धुऊन बघायला आली नाही. मी सांगितलं म्हणून झालं. मला वाटलं होतं, कढी तासाभरात संपेल, तेवढ्याने काय होतंय. साहेब उशिरा आले. भाषणं लांबली. भर मे महिन्यात ती गुलाबी कढी पातेल्यात झाकून बसून राहिली.

जेवणं आटोपतायत तोवरच माणसं उठून बाहेर जाऊ लागली. उलट्या, पोटात मुरडा. साहेबांनाही. आईबाप आपल्या पोरांच्या हातचं खाऊन आडवे झाले होते. बाई गाडीत बसवून माणसं सरकारी दवाखान्यात नेत होत्या, मुली रडत होत्या. त्या गडबडीत मी पातेलं ओतून, घासून, अडगळीत ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेलो, फ्रिज उघडला आणि सोलकढीची वाटी मोरीत ओतून विसळून टाकली. ती वाटी चांगलीच होती, याची मला खात्री होती. म्हणूनच ओतली. ती चांगली निघाली असती, तर सगळ्यांनी पातेल्याकडे बघितलं असतं.

संध्याकाळी बाई परतल्या त्या थेट फ्रिजकडे. "वाटी कुठे आहे?"

मी म्हणालो, "घाबरून सुगंधाने धुतली वाटतं."

'वाटतं' हा शब्द मी मुद्दाम लावला होता.

कोणाच्या जिवावर बेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे घरी गेले. डॉक्टरांनी उन्हाळा, नारळाचा रस, असं काहीसं सांगितलं आणि तेच कायम झालं. मुलांचं स्वयंपाकघर बंद झालं, कंत्राटदाराचे डबे सुरू झाले, ते आजही येतात. बाईंनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी मला नेमलं. पुढच्या आठवड्यात मी चिपळूणला जाऊन पातेल्याला कल्हई करून आणली.

इतकी वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत होतो की बाईंना सगळं कळलं असणार. एवढी हुशार बाई. कळूनही मला वाचवायचं म्हणून गप्प राहिली असणार. ही समजूत मला फार सोयीची होती. गेल्या महिन्यात स्मरणिकेसाठी फोटो हवा म्हणून मी त्यांना फोन केला.

"माझा फोटो कशाला रे?" त्या म्हणाल्या. "ज्या बाईने पंगत आजारी पाडली तिचा? नाव पण नको घालू. मुलांना चुकीचा धडा जाईल."

आवाजात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधत होतो.

दोन दिवसांनी पूर्णगडला गेलो. घर किल्ल्याच्या उतारावर, खाली खाडी. बाई फार वाळल्यात. मला ओट्यावर बसवलं आणि आतून बिस्किटांचा बंद पुडा आणि दुकानातली सरबताची बाटली आणून ठेवली. "सील तूच फोड," म्हणाल्या. मी बघतच राहिलो, तर शेजारच्या सुनेने कुंपणापलीकडून सांगितलं, "त्या कोणालाच हातचं देत नाहीत हो. साधं पाणीसुद्धा 'तुमच्या घरचं आणा' म्हणतात."

मग मी सांगितलं. पातेल्यापासून वाटीपर्यंत. खाडीकडे बघत सांगितलं, त्यांच्याकडे बघून जमलं नसतं.

त्यांनी सरबताची बाटली बाजूला सरकवली. नंतर विचारलं, "किती वेळ होती त्यात?"

"दोनेक तास. साहेब उशिरा आले."

"बरोबर. म्हणजे लगेच उलट्या झाल्या ते जुळतं." वर्गात बोलायच्या तसं बोलल्या. "मी सामान न्यायला आले तेव्हा पातेलं बघितलं होतं. आत पांढरंशुभ्र होतं."

"ते मी नंतर करून आणलं."

"हं." मग, "मी रोज मनात तो रस काढते रे. पहिलं पाणी, दुसरं पाणी. नारळ कुठला नासका होता, कळतच नाही. मग म्हटलं, आपलं नाकच गेलं. ज्याचं नाक गेलं त्याने दुसऱ्याला जेवायला घालू नये."

मी "बाई, मला माफ" असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी छत्री उचलली, मला वाटलं मारतात. त्यांनी ती नुसती जमिनीवर टेकली.

"सुगंधाला सांगितलंस?"

"नाही. अजून नाही."

"मग माझ्याकडे आधी कशाला आलास मेल्या?" पहिल्यांदाच आवाज चढला. "ती पोरगी दोन दिवस माझ्या पाठी फिरत होती. 'बाई, वाटी मी नाय धुतली, आईशप्पथ नाय धुतली.' आणि मी काय म्हटलं? 'सर खोटं सांगतील काय? विसरली असशील.' असं म्हटलं मी तिला. मी!" "कुठे असते ती?"

"पावस गावात दिली आहे. आंब्याच्या पेट्या भरायला जाते."

"खानावळ?"

"नाही टाकली."

"गाडी आणलीस ना? चल."

वाटेत त्या काच खाली करून वाऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. सुगंधाचं घर रस्त्यापासून थोडं आत. ती नुकतीच कामावरून आलेली, घरापुढच्या खळ्यात पाय धूत होती. बाईंना बघून तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"बाई? तुमी?"

मी गाडीत घोकलेलं सगळं सांगायला तोंड उघडलं. पण बाई माझ्या पुढे जाऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या होत्या.

"सुगंधा, वाटी तू धुतली नव्हतीस. यांनी धुतली. तू खरं सांगत होतीस आणि मी तुझं ऐकलं नाही. चूक माझी. तुझी कढी चांगली होती, हे सांगायला आले."

एवढंच. मला जे बारा वर्षांत जमलं नाही, आणि मघाशी ओट्यावर जमलं तेव्हाही ज्याला अर्धा तास लागला, ते त्यांनी उभ्याउभ्या केलं. त्यातही स्वतःच्या वाट्याची चूक आधी उचलून.

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो. मीच. पातेल्याला कल्हई नव्हती, मी खोटं बोललो. आणि वाटीचं तुझ्यावर ढकललं."

ती रडेल, शिव्या देईल, असं काय काय मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, "माझी आय त्या दिवशी दवाखान्यात होती, सर. ती मरेपर्यंत माझ्या हातची कढी प्यायली नाय. हसून म्हणायची, नको गो, मना नको." मग तिने पदराने हात पुसले आणि बाईंना म्हणाली, "बाई, घरात या."

बाई म्हणाल्या, "चूल पेटवणार असशील तर येते."

"पेटवते की."

दोघी आत गेल्या. मला कोणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी खळ्यात उभा राहिलो. आतून नारळ फोडल्याचा आवाज आला, मग खवणीचा, मग बाईंचा. काहीतरी विचारत होत्या, आणि सुगंधा पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात उत्तरं देत होती. काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. ऐकायचा मला हक्कही नव्हता. बाईंना परत पूर्णगडला सोडायचं होतं, म्हणून मी थांबलो.

समितीला विनंती आहे, दोन पानांच्या वर झालंय, तरी यातलं काही गाळू नये. बाईंचं नाव घालायला त्यांनी अजून होकार दिलेला नाही. माझं मात्र खाली ठसठशीत छापावं.